माथ्यावरचे रान, पायाखालची वाट

आमचे भवानीनगर सपाटीवर वसलेले. एका अंगाला नीरा डावा कालवा, चहूकडे ऊस आणि मध्यभागी छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे धुराडे. चढ म्हणावा असा एकच, कालव्याच्या भरावावर जाण्याचा. अशा गावातल्या माणसाला डोंगराची ओढ वाटली तर नवल नाही. चालण्याची थोरवी मात्र आम्हाला बाहेरून शिकावी लागली नाही. दर आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे सणसरच्या मुक्कामाला जाते, तेव्हा लाखो पावले आमच्या दारावरून पुढे सरकतात. विहार करीत येणाऱ्या मुनिसंघासोबत गावच्या वेशीपर्यंत अनवाणी जाणे हे तर आपल्या प्रत्येक घरातील लहानपण. तरीही आज कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणायचे झाले तर आमचा हात दुचाकीच्या किल्लीकडे जातो, हे कबूल केलेच पाहिजे.

गेल्या दिवाळीनंतर माझी भाची जर्मनीहून आली. ती तिथे नोकरी करते. तिने भ्रमणध्वनीवर आम्हाला स्वित्झर्लंडमधील झेरमाट या गावाची छायाचित्रे दाखविली. मॅटरहॉर्न या ४,४७८ मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्याशी वसलेले, लाकडी घरांचे, खिडकीखिडकीत फुले असलेले गाव. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे अलीकडे युरोपच्या सहलीला जाऊन आली आहेत, त्यामुळे अशी चित्रे आता घरोघर आहेत. परंतु भाची जे सांगत होती ते चित्रात दिसणारे नव्हते. त्या गावात पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना प्रवेशच नाही. पाच किलोमीटर अलीकडे टेश नावाचे गाव आहे, तिथे गाडी ठेवायची आणि पुढे रेल्वेने किंवा पायी जायचे. तिने ते सारे गाव दोन दिवस पायी हिंडून पाहिले होते.

ते ऐकून माझी आई सहज म्हणाली, "म्हणजे आपल्या माथेरानसारखंच की!"

भाचीने माथेरान पाहिलेले नव्हते. आई ७४ वर्षांची; तिने ते १९८६ च्या उन्हाळ्यात, माझ्या आजोबांसोबत पाहिलेले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या एका वाक्यावर आमची सहल ठरली आणि मार्गशीर्षातील एका पहाटे, कारखान्याचा भोंगा होण्यापूर्वी, आम्ही तिघे बाहेर पडलो. बारामती, पुणे, खोपोली, कर्जत करीत नेरळला पोहोचलो आणि नेरळहून घाट चढून दस्तुरी नाक्यावर आलो. येथे डांबरी रस्ता संपतो. येथून पुढे गाव सुमारे तीन किलोमीटर, आणि त्या गावात मोटार नाही.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे पठार. ठाकूर, कातकरी, धनगर यांच्या पावलांना तेथील वाटा पूर्वीपासून ठाऊक होत्या. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे मे १८५० मध्ये चौक गावाच्या बाजूने वर चढून आले आणि तेथून युरोपीय वस्तीचा आरंभ झाला. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तिला उत्तेजन दिले. मुंबईच्या उकाड्याने त्रासलेल्या इंग्रजांनी येथे झाडांच्या सावलीत उतरत्या छपरांचे बंगले बांधले, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या मांडल्या, चर्च उभारले आणि कड्यांना आपल्या माणसांची नावे दिली. लुईझा पॉइंट, शार्लट तलाव, अलेक्झांडर पॉइंट. त्यांच्यामागून पारशी, बोहरी, गुजराती धनिक आले. आपल्या देशातील एखाद्या डोंगरावर युरोपातील एक लहान गाव आणून ठेवावे तसे ते झाले. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीवर १९०४ ते १९०७ या काळात दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे नेरळहून वर आली. त्या काळी तिला सोळा लाख रुपये खर्च आला. आजोबांसोबत आम्ही त्याच गाडीने आलो होतो. वळणावळणांवर खिडकीतून आपल्याच गाडीचा शेवटचा डबा दिसे, ते मला अजून आठवते.

दस्तुरी नाक्यावर उतरताच माणसे भोवती जमली. घोडेवाले, हमाल, हातरिक्षावाले. हातरिक्षा म्हणजे दोन चाकांची खुर्ची. तिच्यात बसलेल्या माणसाला एक माणूस पुढून ओढतो आणि चढ आला की दुसरा मागून ढकलतो. पन्नाशीचे एक गृहस्थ आईपुढे आले. अंगात धुऊन विटलेला सदरा, पायात झिजलेले बूट.

"आजी, बसा. हळू नेतो. दगड लागू देणार नाही."

आईच्या दोन्ही गुडघ्यांत दुखणे आहे. तीन किलोमीटरचा चढ-उतार तिला झेपणारा नव्हता. अमन लॉज स्थानकावरून गावात जाणारी छोटी गाडी होती, परंतु तिला दीड तास अवकाश होता. मी आईकडे पाहिले. मला वाटले, ती आता आजोबांची गोष्ट सांगेल.

ती गोष्ट आमच्या घरात आदराने सांगितली जाते. १९८६ मध्ये माथेरान स्थानकावर उतरल्यावर आजोबांसाठी अशीच रिक्षा पुढे आली होती. आमची उतरण्याची जागा तेथून दीड किलोमीटरवर होती. आजोबा सत्तरीचे. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "माणसाच्या खांद्यावर माणसाने बसू नये." घोड्यालाही त्यांनी नकार दिला. काठी टेकत, तीन ठिकाणी विसावा घेत ते पायी गेले. ही गोष्ट मी शाळेतील निबंधात लिहिली आहे, पुढे व्याख्यानातही सांगितली आहे.

आई त्या गृहस्थांना म्हणाली, "तुमची रिक्षा मला नको, दादा. राग मानू नका." मग तिने विचारले, "ती विजेवर चालणारी रिक्षा कुठे मिळते?"

त्यांनी हाताने दिशा दाखविली. त्या मुद्रेत राग नव्हता. गिऱ्हाईक गेल्याची निराशा मात्र होती. ती मला दिवसभर सोडून गेली नाही.

या ई-रिक्षांमागे मोठी कथा आहे. केंद्र शासनाने २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिकेसारखी निकडीची वाहने सोडली तर गावात मोटारवाहनांना बंदी कायम राहिली. त्यामुळे झाडे वाचली, हवा वाचली, शेकरू वाचले. परंतु वृद्धांना, रुग्णांना आणि सामानाला वाहायचे कोणी, हा प्रश्न राहिला, आणि त्याचे उत्तर माणसाचे खांदे व घोड्याची पाठ हेच होते. येथील एका निवृत्त शिक्षकाने हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या वतीने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. परवाना असलेल्या अशा हातरिक्षा ९४. डिसेंबर २०२२ मध्ये मोजक्या ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून धावल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की, माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत नाही, ती सहा महिन्यांत बंद करावी, आणि ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा मिळतील अशी योजना शासनाने करावी.

आई ई-रिक्षात बसली. चालविणाऱ्याने सांगितले, "आजी, मी वीस वर्षं हातरिक्षा ओढली. आता पाठ जरा सरळ झालीय." आई त्याच्याशी बोलत पुढे गेली. भाची आणि मी रुळांच्या कडेने चालू लागलो.

आम्ही पिशव्या उचलून हमालाकडे देणार, तोच भाचीने थांबविले. "मामा, आपलं सामान आपणच घेऊ या ना." तिच्या पाठीवर तिची पिशवी होतीच. माझी सुटकेस चाकांची होती, आणि लाल मातीच्या दगडाळ वाटेवर ती चाके निरुपयोगी ठरली. शंभर पावलांत मला कळले की, दोन दिवसांच्या सहलीसाठी मी चार दिवसांचे कपडे, दोन जोडे बूट, एक जाड पुस्तक आणि न लागणाऱ्या कितीतरी वस्तू घेतल्या होत्या. अपरिग्रहावर मी या मासिकात लिहिले आहे. त्याचे वजन किती असते ते मात्र त्या दिवशी प्रथम उजव्या खांद्याला समजले.

वाट सुंदर होती. जांभळाची, हिरड्याची, अंजनीची दाट झाडी, आणि तिच्यातून गाळून आलेले ऊन. जांभ्याच्या दगडाची तांबडी धूळ पायांवर चढत होती. आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून रात्रंदिवस जातात. त्याची सवय झालेल्या कानांना येथील शांतता प्रारंभी चुकल्यासारखी वाटली. मग हळूहळू एकेक आवाज ऐकू येऊ लागला. घोड्यांच्या टापा, सुतार पक्ष्याची टकटक, आणि एका उंच फांदीवरून दुसरीवर झेप घेणाऱ्या शेकरूची खसखस. तपकिरी अंगाचे, झुपकेदार शेपटीचे ते प्राणी आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भाचीने छायाचित्र काढण्यासाठी हात उचलेपर्यंत ते गेलेही. वाहनातून जाणाऱ्याला ते दिसले नसते, आणि वाहने असती तर ते तेथे नसतेच.

चालता चालता ती झेरमाटविषयी सांगत होती. तेथे रेल्वे १८९१ मध्ये पोहोचली. गावात सामान आणि माणसे नेण्यासाठी पेटीसारख्या लहान विजेच्या गाड्या आहेत. काही घोडागाड्याही आहेत. जुन्या वस्तीत काळवंडलेल्या लाकडाची धान्याची कोठारे आहेत. ती खांबांवर उभी असतात आणि प्रत्येक खांबावर एक रुंद, चपटा, गोल दगड बसविलेला असतो. उंदीर खांबावर चढतो, पण दगडाच्या कडेवरून उलटा होऊन त्याला पुढे जाता येत नाही. धान्य वाचते आणि उंदीरही वाचतो. मला ही युक्ती इतकी आवडली की मी तिला दोनदा सांगावयास लावली.

"मग तिथं पूर्वी म्हाताऱ्या माणसांना वर कोण न्यायचं?" मी विचारले.

"माणसंच न्यायची, मामा. आल्प्समध्ये श्रीमंत प्रवाशांना खुर्चीत बसवून खांद्यावरून वर नेत. रिगी नावाच्या डोंगरावर १८७१ मध्ये दातेरी रुळांची रेल्वे झाली. त्याआधी तिथं खुर्च्या उचलणारे भोई होते."

म्हणजे ज्या चित्रांना आपण निसर्गाची देणगी समजतो, त्यांच्या मागे माणसांचे निर्णय आहेत. डोंगर तर सर्वत्रच असतात. परंतु गाडी पाच किलोमीटर अलीकडे थांबवायची, हे गावाला ठरवावे लागते. आणि गाडी थांबविल्यावर ओझे कोणाच्या पाठीवर द्यायचे, हे त्यानंतर ठरवावे लागते. पहिला निर्णय माथेरानने फार पूर्वीच घेतला. दुसरा घ्यायला आपल्याला १७५ वर्षे लागली.

बाजारपेठ आली. दुतर्फा चिक्कीची, मधाची, चामड्याच्या चपलांची दुकाने. मध आणि चामडे या दोहोंना आमच्या पिशवीत जागा नसल्याने चिक्कीवर सारा भर पडला. आई आमच्या आधी पोहोचून एका ओट्यावर बसली होती आणि दुकानदारीणबाईंशी तिची चांगली ओळखही झाली होती. त्यांच्याकडून तिला समजले की, हुतात्मा भाई कोतवाल याच गावचे. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमधील एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिकून ते वकील झाले, पायथ्याच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या आणि शाळा काढल्या आणि १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर प्राण ठेवला. साहेबांच्या बंगल्यांचे हे गाव त्या बंगल्यांत राबणाऱ्यांचेही होते, हे पॉइंटांच्या इंग्रजी नावांवरून कळत नाही.

दुपारी विश्रांती घेऊन आम्ही शार्लट तलावाकडे निघालो. तो रस्ता तुलनेने सपाट आहे आणि आईने तो पायी चालण्याचे ठरविले. दर दोनशे पावलांवर ती थांबे. प्रथम मी घड्याळ पाहात होतो. नंतर ते सोडून दिले. आईच्या गतीने चालल्यामुळे वाटेवर मुंग्यांची रांग कोठून कोठे जाते तेही दिसले आणि ती ओलांडताना पाऊल कोठे ठेवावे याचा विचारही झाला. चार हात पुढची जमीन पाहून चालावे असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते नेमाने करायचे तर चाल संथ असावी लागते, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशीत उमगली.

तलावाकाठी पिसारनाथाचे मंदिर आहे. पाणी स्थिर होते. त्या काठावर बसून आईने १९८६ ची गोष्ट पुन्हा सांगितली. परंतु या वेळी ती पुढेही बोलली.

"मामंजी चालले, हे खरं. पण आपली वळकटी, पाण्याची कळशी, डब्यांची पिशवी, हे सगळं एका बाईनं डोक्यावर घेतलं होतं. माझ्याच वयाची असेल. पायात काही नव्हतं. मामंजी पुढं, तुम्ही पोरं त्यांच्या मागं, आणि मी तिच्याबरोबर शेवटी. मामंजी थांबले की सगळे बसायचे. तिला मात्र बसता येत नव्हतं, कारण ओझं उतरवलं की परत डोक्यावर चढवायला दुसरं कुणीतरी लागतं. ती उभीच राहायची."

मी म्हणालो, "आई, हे तू आजवर कधी सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलंच नाही रे. आणि मामंजींची गोष्ट चांगली होती. ती कशाला मोडायची? त्यांनी तिला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, दशम्या दिल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना ती दिसलीच नाही, एवढंच."

भाची काही बोलली नाही. मीही बोललो नाही. आजोबांविषयीचा माझा आदर त्या क्षणी कमी झाला असे नाही. माणसाच्या खांद्यावर बसू नये, हे त्यांचे वाक्य न्यायालयाने चाळीस वर्षांनी उच्चारले. परंतु मी त्या गोष्टीवर निबंध लिहिला, व्याख्याने दिली, आणि मीही त्या रांगेत चालत असून त्या बाईला पाहिले नव्हते. पुण्याच्या गोष्टी आपण अशाच अर्ध्या सांगत असतो. आपण काय टाळले ते लक्षात राहते. टाळलेले कोणाकडे गेले ते पाहायला मागे वळावे लागते.

सकाळच्या त्या पन्नाशीच्या गृहस्थांचे काय, हाही प्रश्न होताच. त्यांच्या रिक्षात बसलो नाही म्हणून आमचे मन निर्मळ राहिले, आणि त्यांचा रोज बुडाला. आईने तोही विचार केला होता. "त्यांना ई-रिक्षा मिळेपर्यंत त्यांच्या पोटाचं कोण बघणार, हे आधी विचारायला हवं," ती म्हणाली. प्रथा बंद करणे एवढ्याने अहिंसा पूर्ण होत नाही. प्रथेवर जगणाऱ्यांचे पुढचे जेवण तिच्यात धरलेले असावे लागते. न्यायालयाने पुनर्वसनाची अट घातली ती यासाठीच.

त्या सायंकाळी एक गमतीची अडचण आली. सूर्यास्त पाहण्यासाठी लोक पॉर्क्युपाइन पॉइंटवर जातात, आणि आई सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. माकडांच्या भीतीने बाहेर डबा उघडणेही शक्य नव्हते. शेवटी आम्ही पाच वाजता खोलीवर परतून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे जेवण उरकले. आईने तेथेच विसावा घेतला आणि आम्ही दोघे भरभर कड्यावर गेलो. समोर प्रबळगडाचा लांब माथा काळा होत गेला आणि त्यामागे सूर्य बुडाला. परतताना विजेरीच्या उजेडात चाललो. रात्रीचे चालणे आम्हाला मानवले नाही. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि न पाहता चालणे आईला रुचले नसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाची आणि मी गार्बट पॉइंटकडे निघालो. धुके दरीत साठले होते. कड्याच्या बाजूने माणसे वर येताना दिसली. पायथ्याच्या वाड्यांमधून ती रोज पहाटे चढून येतात. कोणी उपाहारगृहात भांडी घासावयास, कोणी भाजी विकावयास. दोन बायका डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या, कड्यावर क्षणभर थांबल्या आणि बाजाराकडे चालू लागल्या. ज्या वाटेला आम्ही सहल म्हणत होतो ती त्यांची कामावर जाण्याची वाट होती. भाचीने छायाचित्रासाठी उचललेला हात खाली घेतला आणि बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

वाचकांपैकी अनेकजण सुटीत माथेरानला जातील, आणि जावेच. त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. सामान पाठीवर मावेल इतकेच घ्यावे. चाकांची पेटी तेथे चालत नाही. दस्तुरीपासून गावापर्यंत निरोगी माणसाला पाऊण ते एक तास लागतो. वृद्धांना छोट्या गाडीने किंवा ई-रिक्षाने न्यावे आणि गावात पोहोचल्यावर शार्लट तलावाकडील सपाट वाटेने त्यांच्या गतीने फिरवावे. तीसहून अधिक पॉइंट आहेत. ते सगळे मोजत बसू नये. दोन दिवसांत चार पाहिले तरी पुष्कळ. कड्यांना सर्वत्र कठडे नाहीत, मुलांचा हात धरावा. माकडांना खाऊ देण्यात दया नाही. त्याने ती रानातले अन्न विसरतात आणि पुढे माणसांच्या अंगावर येतात. प्लॅस्टिकचा कागदही परत आणावा, कारण तेथला कचराही कोणीतरी वाहूनच खाली नेतो. हमाल करावाच लागला तर त्याच्या डोक्यावर एका माणसाने उचलावे इतकेच द्यावे, त्याच्यासोबत चालावे, आणि तो थांबेल तेव्हा ओझे उतरविण्यास हात लावावा.

परतीच्या वेळी नाक्यावर ते कालचे गृहस्थ पुन्हा दिसले. आईने त्यांना जवळ बोलावून विचारले, "दादा, तुमचं नाव आलं का नव्या रिक्षेच्या यादीत?" ते म्हणाले, "कागद दिलेत, आजी. बघू." आईने चिक्कीचा एक पुडा त्यांच्या हातावर ठेवला. त्याने काही सुटत नाही हे तिलाही ठाऊक होते.

रात्री उशिरा आम्ही भवानीनगरला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीप्रमाणे कालव्याच्या रस्त्याने फिरावयास निघाली, आणि या वेळी मीही दुचाकी ठेवून तिच्याबरोबर गेलो. रस्त्याकडेच्या फडात ऊसतोड चालू होती. मराठवाड्याकडून आलेली कुटुंबे दर हंगामात आमच्या शिवारात पाले ठोकून राहतात. एक तरुण बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन मालमोटारीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढत होती. खाली तिचे मूल साडीच्या झोळीत निजलेले होते. पन्नास वर्षे मी या रस्त्याने जातो आहे. ती फळी किती अरुंद असते, हे मी त्या सकाळी प्रथम पाहिले.

ती बाई खाली उतरून दुसऱ्या मोळीकडे निघाली तेव्हा तिची आणि आमची वाट एकच होती. मी पुढे होणार, तोच आईने माझा हात धरला.

"थांब जरा. आधी तिला जाऊ दे."

आम्ही कडेला उभे राहिलो.